कंडक्टरबाईंची मोटरबोट

लोकांना वाटायचं, बोटीचं हे खूळ ड्रायव्हरसाहेबांचं. वाटणारच. ज्या माणसाने उभा जन्म शहर बसच्या स्टिअरिंगमागे काढला, तो रिटायर झाल्यावर काय घरात बसून शेंगा सोलणार होता? त्याला काहीतरी चालवायला हवंच, असं डेपोतले जुने सोबती म्हणायचे, शेजारीपाजारी म्हणायचे, पोटची मुलगीही म्हणायची. ड्रायव्हरसाहेबांनी कुणाचंच म्हणणं खोडून काढलं नाही, कारण एरवीही ते फारसं बोलत नसत. पण खरं सांगायचं तर खूळ होतं कंडक्टरबाईंचं, आणि ते काही काल-परवाचं नव्हतं.

नवराबायको एकाच बसवर नोकरीला होते. ते पुढे, त्या मागे. आधी एका बसवर लागले, मग लग्न झालं, आणि त्यानंतरही डेपोवाल्यांनी जोडी फोडली नाही, कारण ही गाडी वेळेवर यायची आणि हिच्यात भांडणं व्हायची नाहीत. बाईंनी दोरी ओढून एकदा 'टण्' केलं की गाडी थांबायची, दोनदा केलं की सुटायची. दोरी तुटलेली असली तर पत्र्यावर हात मारायचा, काम तेच. आमच्या संसारातलं निम्मं बोलणं त्या बेलवरच उरकलं, असं बाई हसून सांगायच्या. मात्र एका गोष्टीने त्यांचं डोकं फिरायचं. तोच रस्ता, तीच वळणं, तोच शेवटचा थांबा आणि मग त्याच रस्त्याने माघारी. "एवढी वर्षं चालतोय आपण आणि पोचलो कुठेच नाही," असं त्या एकदा डबा खाता खाता म्हणाल्या. नोकरी संपली की घर घ्यायचं ते चालतं घ्यायचं, हे त्याच दिवशी त्यांनी मनाशी पक्कं केलं. साहेबांनी ऐकून घेतलं, डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, बघू. त्यांच्या 'बघू'चा अर्थ 'हो' असाच असायचा, हे बाईंना ठाऊक होतं.

तर नोकरी संपली, वरच्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा विकली, आणि नदीच्या धक्क्याला नवी कोरी पांढरी मोटरबोट येऊन लागली. कपाट मुलीकडे गेलं, पलंग जावयाने नेला, आणि उरलेला संसार घेऊन हे दोघं पाण्यावर राहायला आले.

आता बोटीवर राहणं म्हणजे काय, हे चित्रात बघून कळत नाही. पुढच्या निमुळत्या खोलीत बिछाना होता, तोही तिकोनी. डोक्याकडे ऐसपैस, पायांकडे चिंचोळा, त्यामुळे रात्रभर दोघांचे पाय जागेसाठी हमरीतुमरीवर यायचे. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात एकच माणूस उभा राहू शकत होता, आणि तो बाहेर आल्याशिवाय दुसऱ्याला संडासाकडे जाता येत नव्हतं. संडासाला साखळी नव्हती, हाताने दांडा मारून पाणी खेचायचं. प्रत्येक फळीला आणि दाराला खटका. तो लावायला विसरलं की शेजारून एखादी बोट जरा वेगात गेली तरी बशा जमिनीवर. दारावरच्या तुळईला साहेब रोज डोकं आपटायचे आणि रोज तिला तीच शिवी द्यायचे.

बाई मात्र तिथे अशा रुळल्या की जणू जन्मल्याच तिथे. बोट कितीही डुलो, हातात उकळता चहा असो, त्यांचा तोल जात नसे. हलत्या बसमध्ये गर्दीतून वाट काढत ज्यांनी तिकिटं फाडली, त्यांना नदीच्या लाटांचं काय कौतुक? उलट जन्मभर बसून गाडी चालवलेले साहेब दोन पावलं टाकली की भिंतीला हात लावायचे. सामान लावताना तर बाईंना जुना हुरूप आला. एवढ्याशा फळीवर पातेली बसेनात तेव्हा त्यांच्याही नकळत तोंडातून निघालं, "चला, आत सरका, आत बरीच जागा आहे." साहेब हसले. रिटायर झाल्यापासून ते पहिल्यांदाच असे पोटातून हसले होते, आणि बाईंच्या जिवाला बरं वाटलं.

पण धक्क्यावर कायमचं राहायचं तर एक नियम होता. धक्क्याचा मुकादम हा बोलायला गोड माणूस, नियमाला मात्र खडूस. त्याने पहिल्याच आठवड्यात येऊन, दिलेला चहा पिऊन, स्वच्छ सांगितलं होतं. बोटीवर राहणाऱ्यांपैकी एकाने तरी माझ्यादेखत बोट बाहेर काढायची, नदीत फेरी मारायची आणि दुसऱ्या कुणाला धक्का न लावता आपल्या जागी आणून लावायची. जो बाहेर काढेल त्यानेच आत आणायची. उद्या पूर आला, शेजारच्या बोटीला आग लागली, तर तुमची बोट हलवायला मी कुणाच्या पाया पडू? बोलणं रास्त होतं. हंगाम संपेपर्यंत तीनदा संधी मिळणार होती. नाही जमलं तर बोट पाण्यातून उचलून ताडपत्रीखाली ठेवायची आणि गिऱ्हाईक शोधायचं. आणि दोघांनी जायचं कुठे? मुलीकडे. तिने मागची खोली आधीच रिकामी करून ठेवली होती.

मुलगी वाईट नव्हती हो, उलट फार चांगली होती, आणि तीच तर पंचाईत होती. वाईट वागणाऱ्या माणसाला नाही म्हणता येतं. ही येताना दर वेळी खोलीबद्दल काहीतरी नवीन सांगायची. ऊन कसं छान येतं, न्हाणीघरात धरायला दांडी बसवली, टीव्ही कुठे लावायचा. बाई मान डोलवायच्या आणि आतून गार पडायच्या. त्या खोलीत गेलो की आपण म्हातारे होणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

ड्रायव्हरसाहेबांना मात्र परीक्षेची काडीचीही चिंता नव्हती. भर गर्दीच्या बाजारपेठेतून ज्याने एवढी लांबलचक बस काढली, आणि उभ्या नोकरीत कुणाच्या आरशालाही ज्याची गाडी घासली नाही, त्याला या खेळण्याचं काय! पहिल्या खेपेला ते थाटात बसले, आरसा शोधला, तो नाही म्हणून नाक मुरडलं, आणि निघाले. बोटीचं तोंड धक्क्याबाहेर आलं तसं त्यांनी बस थांब्यावरून काढावी तसं चाक गरकन फिरवलं. बसचं तोंड वळलं की धड मागोमाग येतं. बोटीचं तसं नाही. तिचं चाक फिरवलं की बूड आधी भलतीकडे जातं. ते बूड धक्क्याच्या खांबावर धाडकन आदळलं आणि परीक्षा सुरू व्हायच्या आधीच संपली. साहेब म्हणाले, कळलं मला, आता नाही व्हायचं असं. आणि खरंच, ती चूक त्यांनी परत केली नाही.

दुसऱ्या खेपेला त्यांनी बोट झकास बाहेर काढली. फेरी मारली, परत वळवली, सगळं कसं लोण्यासारखं. बाई दोर घेऊन पुढे उभ्या होत्या. आपली जागा जवळ आली, आणखी जवळ आली, आणि आता थांबायला हवं असं वाटल्याबरोबर बाईंचा हात आपसूक उठला आणि केबिनच्या छपरावर पडला. टण्.

त्या एका टण्ने घात केला. आत बसलेल्या साहेबांचे दोन्ही पाय त्याच क्षणी खाली गेले, डावा क्लचवर, उजवा ब्रेकवर, आणि दोन्ही रिकाम्या फळीवर आपटले. बोटीला ब्रेक नसतो. तिला आवरायचं तर हाताशी एक दांडा असतो. पुढे ढकलला की पुढे, मध्ये आणला की इंजिन नुसतं घुरघुरतं, मागे ओढला की मागे. हे साहेबांना पाठ होतं. पण पायांना कुठे पाठ होतं? ते दातओठ खाऊन फळी दाबत राहिले, दोन्ही हातांनी चाक आवळून धरलं, दांड्याला कुणी हातही लावला नाही, आणि बोट आपली शांतपणे चालत जाऊन शेजारच्या दातांच्या डॉक्टरांच्या बोटीत घुसली. डॉक्टरांचा कठडा वाकला, कठड्यावरच्या गुलाबाच्या कुंड्या पाण्यात गेल्या, आणि खुद्द डॉक्टर हातात वर्तमानपत्र घेऊन बघत राहिले.

त्यानंतर जे भांडण झालं ते जगात दुसऱ्या कुठल्या जोडप्याचं झालं नसेल. तू बेल का दिलीस, असं साहेब म्हणत होते, आणि तुम्ही पाय का मारला, असं बाई. डॉक्टर बिचारे मध्ये पडून सांगत होते की कुंड्या जुन्याच होत्या. त्यांच्या चांगुलपणाने साहेब आणखी शरमले. मुकादम काही लागट बोलला नाही. एक खेप उरली, एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बाई धक्क्यावरच्या नळाने पाण्याची टाकी भरून आत आल्या, तर साहेब खाली बसून बशा वर्तमानपत्रात गुंडाळत होते. एकेक बशी, नीट, कोपरे दुमडून. मुलीचा फोन येऊन गेला होता आणि त्यांनी तिला येतो म्हणून सांगून टाकलं होतं. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. मला न विचारता? साहेब मान वर न करता म्हणाले की आपल्याच्याने नाही व्हायचं, उगाच तिसऱ्यांदा चारचौघांत तमाशा कशाला. ज्या माणसाच्या गाडीने कधी कुणाला खरचटलं नाही, त्याने काल सगळ्या धक्क्यादेखत दुसऱ्याचं घर ठोकलं होतं. ते त्यांना गिळवत नव्हतं.

बाई त्यांच्यासमोर खाली बसल्या. त्यांना राग आला होता, रडूही येत होतं, आणि दोन्हीतलं काही आवरायची त्यांची तयारी नव्हती.

"चाक मला द्या," त्या म्हणाल्या.

साहेबांना थट्टा वाटली. "तुला साधी सायकल येत नाही."

"नाही येत. म्हणून तर म्हणतेय. तुमच्या पायांना जन्माची सवय लागलीय, ती आता जायची नाही. माझ्या पायांना कसलीच सवय नाही. माझं सगळं कोरं आहे."

साहेबांनी हातातली बशी खाली ठेवली. "आणि मी काय करू? सगळ्यांच्या देखत दोर धरून उभा राहू?"

"मी राहिले ना," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं तुमच्या पाठीकडे बघत उभी राहिले. गाडी कशी काढताय, कुठून काढताय, कधी विचारलं? भरवसा होता म्हणून उभी राहिले. आता जरा तुम्ही राहा."

बाहेर डॉक्टर वाकलेला कठडा ठोकून सरळ करत होते, त्याचा आवाज येत होता. मग साहेबांनी एक बशी उलगडली, तिचा कागद नीट घडी करून बाजूला ठेवला आणि म्हणाले, बघू.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी कंबर कसली. डॉक्टर रोज सकाळी बोट धक्क्यातून बाहेर काढून द्यायचे आणि दुपारी परत आणून लावायचे. यात शेजारधर्म किती आणि स्वतःच्या कठड्याची काळजी किती, हे त्यांचं त्यांना माहीत. मधल्या वेळात नदीच्या रुंद भागात एक पिवळं पिंप नांगरून ठेवलेलं होतं, त्याला धक्का समजून बाई बोट लावायला शिकत होत्या. पहिले काही दिवस त्या पिंपाचे हाल कुत्रा खाईना. बाईंनी त्याला पुढून ठोकलं, बाजूने ठोकलं, एकदा तर मागे जाता जाता ठोकलं.

त्यातून साहेबांच्या तोंडाचा पट्टा सुरू. हा माणूस आयुष्यात बोलला नाही तेवढं त्या आठवड्यात बोलला. डावीकडे घे, सोड, अगं सोड, आता घे. शेवटी बाईंनी इंजिन बंद केलं, मागे वळल्या आणि त्यांच्या जुन्या बसमध्ये काचेवर लिहिलेलं असायचं ते म्हणून दाखवलं, चालकाशी बोलू नये. साहेबांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी दोर उचलला आणि पुढे जाऊन पाठमोरे उभे राहिले.

ते गप्प झाले तसं बाईंना बोटीचं ऐकू येऊ लागलं. दांडा मध्ये आणला तरी बोट लगेच थांबत नाही, आपल्या मनाने बरंच अंतर जाते, हे त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा जरा आधीच दांडा मध्ये आणायचा आणि मग काही करायचं नाही. हे काही न करणं सगळ्यात अवघड होतं. हात शिवशिवायचे, वाटायचं काहीतरी ओढावं, फिरवावं. बाई ओठ चावून थांबायच्या. मग शेवटी दांडा इवलासा मागे, आणि बोट पिंपाशेजारी उभी. पहिल्यांदा असं जमलं तेव्हा त्यांनी कुणाला सांगितलंसुद्धा नाही, लगेच वळून पुन्हा केलं, आणि पुन्हा, तेव्हा कुठे जीव थाऱ्यावर आला.

परीक्षेच्या दिवशी नेमका वारा सुटला. काठाकडून नदीकडे, म्हणजे येणाऱ्या बोटीला धक्क्यापासून दूर लोटणारा. मुलगी आली होती आणि तिने गाडी जवळच लावली होती, सामान न्यायला सोपं पडावं म्हणून. मुकादमाने विचारलं, आज कोण? साहेबांनी बाईंकडे हात केला आणि दोर घेऊन पुढे गेले. धक्क्यावर उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी हसलं. साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण ते जागचे हलले नाहीत.

बाईंनी बोट काढली, फेरी मारली, परत आणली. जागा समोर आली. त्यांनी पिंपापाशी करायच्या तसा दांडा आधीच मध्ये आणला आणि थांबल्या. पण पिंपापाशी असला वारा नव्हता. बोटीचं तोंड हळूहळू बाहेर ढकललं जाऊ लागलं. धक्का हातभर लांब होता तो पुरुषभर झाला, आणखी लांब गेला. मागे डॉक्टरांची बोट होती.

साहेब वळले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. दोर तसाच हातात घेऊन ते झपझप दोन पावलं मागे आले, आणि बाईंना कळलं की आता हे चाक घेणार. घेतलं की संपलं. जो बाहेर काढेल त्यानेच आत आणायची, मुकादम समोरच उभा होता. आणि नवऱ्याने हात पुढे केला तर तो झिडकारायला आपल्याला जमणार नाही, हेही त्यांना त्या क्षणी कळलं. साहेब काचेपाशी थांबले. बाईंकडे बघितलं. मग पुन्हा पुढे गेले आणि पाठ करून उभे राहिले.

"घे परत," ते नदीकडे बघत म्हणाले. "मी आहे इथे."

बाईंनी दांडा पुढे केला. डॉक्टरांच्या नव्या कुंड्यांतली पानं वाऱ्याने हलताना दिसावीत इतक्या जवळून बोट बाहेर निघाली, मोकळ्या पाण्यात वळली आणि पुन्हा आली. या खेपेला त्यांनी तोंड सरळ धक्क्यावर धरलं, वाऱ्याला पुरून उरेल एवढा जोर ठेवला, आणि आता आदळणार असं सगळ्यांना वाटलं तेव्हा दांडा मध्ये आणून चाक बाहेर फिरवलं. मग दात दाबून थांबल्या. मग दांडा किंचित मागे. बाजूला लटकवलेले रबरी फुगे धक्क्याला टेकून कुरकुरले आणि बोट उभी राहिली. साहेब धक्क्यावर उतरले आणि त्यांनी दोर खांबाला घातला.

मुकादम वाकून दोन्ही बोटींमधलं अंतर बघून आला. म्हणाला, राहा आता, आणि चहाला येईन. मुलीचे डोळे भरून आले. ती आईच्या गळ्यात पडली, खोली तशीच ठेवते म्हणाली, आणि बाई या वेळी मोकळ्या मनाने हो म्हणाल्या. मग ती गेली, धक्क्यावरची माणसंही पांगली. बाई चाक धरून तशाच बसल्या होत्या.

साहेब दोराची गाठ सोडून पुन्हा बोटीवर चढले.

"अगं," ते म्हणाले, "आणखी एक चक्कर मारशील?"

"आता कशाला? झालं की सगळं."

"मला नुसतं बसायचंय."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि इंजिन सुरू केलं. साहेब आत येऊन बाकावर बसले, पाय लांब केले, डोकं मागे टेकलं. आजवर दुसरा कुणी गाडी चालवत असताना या माणसाने डोळा मिटला नव्हता. जावयाच्या गाडीत नाही, लांबच्या प्रवासात नाही, एकदा ऑपरेशननंतर रुग्णवाहिकेतून घरी आणलं तेव्हाही ते रस्त्याकडेच बघत होते. बोट मोकळ्या पाण्यात आली तेव्हा ते नदीकडे बघत होते. पिवळं पिंप मागे पडलं आणि बाईंना मागून घोरणं ऐकू आलं.

पिंपाला वळसा घालून परतायचं, असं ठरलं होतं. पण परत लागायचं तर दोर धरायला माणूस हवा, आणि माणूस तर गाढ झोपला होता. त्याला उठवायचं बाईंच्या अगदी जिवावर आलं. त्यांनी डोळे पुसले, दांडा थोडा पुढे सरकवला आणि बोट न वळवता तशीच पुढे जाऊ दिली.